सुरी आणि तिचें म्यान

घरांत कोणाचा घसा सुजला, कान ठणकूं लागला किंवा दाढेच्या मुळाशीं पू धरला म्हणजे डॉक्टर पुष्कळदां अमॉक्सिसिलीन नांवाचें औषध लिहून देतात. हें नांव आतां आजीबाईंपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांच्या तोंडीं बसलें आहे. परंतु हें औषध घडवितांना एका सूक्ष्म जंतूची सुरी कामीं आणतात, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. ही सुरी लोखंडाची नव्हे. जंतूनें आपल्याच शरीरांत घडविलेल्या प्रथिनाची ती असते.

आपण स्वयंपाकघरांत सुरी ठेवतों ती लहान मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा बेतानें, उंच फळीवर. जंतूचें अवघें घर म्हणजे एका मिलिमीटरचा सुमारें पांचशेंवा भाग. त्यांत ना फळी, ना कपाट. अशा घरांत धार असलेली वस्तु बाळगावयाची, ती नेमक्या वेळीं चालवावयाची आणि अवेळीं चालूं द्यावयाची नाहीं, हें त्या मुक्या जीवास कसें साधतें? ह्या प्रश्नाचें उत्तर गेल्या कांहीं दशकांत शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें असून त्यांत आपल्या पुण्याच्या प्रयोगशाळेचाही वांटा आहे. विषय रसायनशास्त्रांतला खरा. पण तो समजण्यास त्या शास्त्राची पदवीच हवी असें नाहीं. निदान प्रस्तुत लेखकापाशीं ती नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें व उमर मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेलेली. तेव्हां जें मला उमगलें तें वाचकांस उमगण्यास अडचण पडूं नये.

प्रथम ‘विकर’ म्हणजे काय तें पाहूं. ज्यास एन्झाइम म्हणतात त्यालाच मराठींत विकर असा शब्द योजतात. भाकरीचा एक घांस न गिळतां बराच वेळ चावीत राहिलें म्हणजे तो गोडसर लागूं लागतो, हा अनुभव कोणासही घरबसल्या घेतां येईल. लाळेंत असलेलें विकर पिठाच्या लांबलचक कणांचे तुकडे करतें व त्यांतून साखर सुटते. गंमत अशी कीं, काम होतें, पण कारागीर खर्च होत नाहीं. एका कणाचें काम उरकून तो लगेच दुसऱ्याकडे वळतो. हीं विकरें बहुतेक सर्व प्रथिनेंच असतात. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची ओंवलेली माळ. ही माळ सुटी पडून राहत नाहीं. ती विशिष्ट रीतीनें दुमडते, तिची घडी बसते, आणि त्या घडींत एक लहानशी खाच तयार होते. सारें काम त्या खाचेंत चालतें. माळेंतील मणी तेच राहिले, पण घडी चुकली, तर विकराच्या अंगीं कांहींएक कर्तृत्व राहत नाहीं.

आतां आपल्या सुरीकडे वळूं. १९२८ सालीं लंडन येथील सेंट मेरी रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीमध्यें जंतुनाशक द्रव्य आढळलें. त्यास त्यांनीं पेनिसिलीन हें नांव दिलें. पुढें १९४० च्या सुमारास ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन व त्यांचे सहकारी यांनीं तें रोग्यास देण्याजोगें केलें. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें.

पेनिसिलीनच्या कणाचे दोन भाग कल्पावे : एक गाभा व एक शेपूट. गाभ्यांत चार कोनांचें एक ताणलेलें कडें असतें. जंतूला मारण्याचें सारें बळ त्या कड्यांत. शेपूट बदललें कीं औषधाचे गुण बदलतात. ‘पेनिसिलीन जी’ हें पोटांतील आम्लांत टिकत नाहीं, म्हणून तें बहुधा सुईनें द्यावें लागतें. ‘पेनिसिलीन व्ही’ टिकतें, म्हणून तें तोंडानें घेतां येतें. अमॉक्सिसिलीनचें शेपूट आणखी निराळें. त्यामुळें तें पुष्कळ अधिक जातींच्या जंतूंवर चालतें. म्हणजे बुरशीनें दिलेलें शेपूट कापून काढावें आणि आपल्या पसंतीचें शेपूट जोडावें, एवढी युक्ति साधली तर एका औषधाचीं अनेक औषधें होतात. १९५९ सालीं इंग्लंडांतील बीचम कंपनीच्या संशोधकांनीं असा बिनशेपटीचा गाभा हातीं आल्याचें प्रसिद्ध केलें. कारखान्यांच्या बोलींत त्याला ‘सिक्स-एपीए’ म्हणतात.

परंतु शेपूट कापणें सोपें नाहीं. गाभ्यांतील कडें इतकें नाजूक कीं, कापतांना तेंच आधीं तुटावयाचें. रसायनांच्या बळावर हें काम करावयाचें तर उणें चाळीस अंशांच्या आसपासची थंडी आणि फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखीं तिखट द्रव्यें लागतात. उलट जंतूची सुरी हेंच काम साध्या पाण्यांत, अंगाच्या उबेइतक्या उष्णतेंत, कड्याला धक्का न लावतां करते. ह्या सुरीचें शास्त्रीय नांव पेनिसिलीन ॲसिलेज. जपानांत साकागुची व मुराओ यांनीं असें विकर प्रथम १९५० सालीं एका बुरशींत दाखविलें. १९६० सालीं तें जंतूंतही आढळलें. आपल्या आंतड्यांत राहणारा एशेरिकिया कोलाय, ज्यास थोडक्यांत ई. कोलाय म्हणतात, त्या जंतूच्या कांहीं वाणांपाशीं हें विकर असतें. आज जगांतील बहुतेक सिक्स-एपीए ह्याच रीतीनें तयार होतें.

आतां मुख्य प्रश्न. हा जंतु आपली सुरी आवरतो कशी? त्याच्या आवरण्याच्या पायऱ्या निरनिराळ्या आहेत. पहिली पायरी अशी कीं, गरज नसेल तर सुरी घडवावयाचीच नाहीं. ई. कोलायच्या भोंवतीं फेनिलॲसेटिक आम्ल असेल तर तो हें विकर अधिक घडवितो. ग्लुकोज ही साखर विपुल असेल तर घडविणें थांबवितो. ह्यांतील व्यवहार आम्हां शहापूर-मुरबाडकडील लोकांस सहज पटेल. घरांत तांदूळ-गूळ भरलेला असतांना पावसांत रानांत करांदे खणावयास कोण जातो? कणग्या रित्या झाल्या म्हणजेच कुदळ बाहेर निघते. शिवाय ह्या जंतूस तिसाच्या वर अंश उष्णता झाली तर तो हें विकर फारसें देत नाहीं. म्हणून ज्या जंतूची इतर वाढ सदतीस अंशांवर जोमानें होते, त्यालाच ह्या कामासाठीं कारखानदार थंड ठेवतात.

पण ही पायरी म्हणजे घराबाहेरचा बंदोबस्त झाला. खरें कौतुक पुढेंच आहे. सुरी घडवावयाची असें ठरलें, तरी ती धार लावलेल्या स्थितींत जन्मास येत नाहीं. प्रथम ८४६ अमिनो आम्लांची एकच अखंड माळ तयार होते. तिला आपण पूर्वरूप म्हणूं. पहिले २६ मणी हे केवळ पत्त्याच्या चिठ्ठीसारखे. माळ आंतल्या पडद्यापलीकडे, दोन पडद्यांमधल्या ओसरींत, पोंचली कीं ते गळून पडतात. मग २०९ मण्यांचा एक भाग, त्यापुढें ५४ मण्यांचा एक जोडतुकडा आणि शेवटीं ५५७ मण्यांचा दुसरा भाग. ओसरींत माळ दुमडते, घडी नीट बसते, आणि तेव्हां ती माळ आपली आपणच कापते. मधला जोडतुकडा निघून जातो. उरतात ते दोन भाग, सुटे तरीही एकमेकांत घट्ट गुंतलेले. तयार सुरी ती हीच.

हें कापणें कोण करतें? इंग्लंडांतील यॉर्क विद्यापीठांत १९९५ सालीं ह्या विकराचे स्फटिक करून, त्यांवर क्ष-किरण टाकून, त्याची आकृति काढण्यांत आली. तेव्हां असें दिसलें कीं, मोठ्या भागाचा अगदीं पहिला मणी, सेरीन नांवाचें अमिनो आम्ल, हाच सुरीचें पातें होय. प्रत्येक मण्याला दोन हात कल्पा : एक मागच्या मण्यास धरण्याचा, एक पुढच्यास. माळ अखंड असतांना सेरीनचा मागचा हात जोडतुकड्याच्या शेवटच्या मण्यांत अडकलेला असतो. तोंवर पेनिसिलीन कापण्याचें त्याला सामर्थ्य नाहीं. घडी बसली म्हणजे तेंच सेरीन आपल्या मागचा बंध तोडतें. हात मोकळा होतो; आणि पेनिसिलीनचें शेपूट कापण्याच्या कामीं पात्याला जें साह्य लागतें, तें हाच मोकळा हात देतो. म्हणजे ज्या क्षणीं बंधन सुटतें त्याच क्षणीं सामर्थ्य येतें. पुढें २००० सालीं, एक मणी मुद्दाम बदलून हें कापणें अतिशय मंद केलेल्या पूर्वरूपाची आकृति मिळाली. तींत तो जोडतुकडा नेमका खाचेच्या तोंडावर आडवा बसलेला आढळला. सुरीवर म्यान असावें तसा! म्यान बाहेरून कोणी चढविलेलें नव्हे. सुरीच्याच धातूचें, सुरीबरोबरच ओतलेलें, आणि सुरी पुरी झाली म्हणजे तिनेंच कापून टाकलेलें.

हें वाचतांना माझ्यासारख्या व्याकरणाच्या माणसास पाणिनीच्या ‘इत्’ संज्ञेची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. ‘कृ’ धातूस ‘क्त’ प्रत्यय लाविला म्हणजे ‘कृत’ असें रूप होतें. प्रत्ययांतील ‘क्’ हा इत्. त्याचा लोप होतो, तो उच्चारांत कोठेंही उरत नाहीं. म्हणून तो व्यर्थ होता काय? मुळींच नाहीं. त्या ककारामुळेंच ‘कृ’मधील ऋकाराचा गुण झाला नाहीं. ‘तृच्’ प्रत्ययास असा ककार नाहीं, म्हणून तेथें गुण होऊन ‘कर्तृ’ असें रूप सिद्ध होतें. जो वर्ण सिद्ध रूपांत दिसत नाहीं, त्यानेंच तें रूप तसें घडविलें. विद्यार्थी नेहमीं विचारीत, “गुरुजी, जें काढूनच टाकावयाचें तें लावावयाचें कशाला?” त्या प्रश्नाचें उत्तर मी व्याकरणांतून देत असें, आतां तें जंतूच्या शरीरांतूनही देतां येईल. जोडतुकडा आहे तोंवर दोन्ही भाग एकाच माळेंत राहून एकमेकांभोंवतीं दुमडतात आणि खाच झांकलेली राहते. काम संपलें, लोप झाला. अर्थात् हें साम्य येथवरच न्यावें. पाणिनीचे इत् एका मनुष्याच्या बुद्धीनें योजलेले. जंतूची व्यवस्था लक्षावधि पिढ्यांच्या निवडींतून उतरलेली.

आतां पुण्याची गोष्ट. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० सालीं सुरू झाली. तेथें डॉ. हेफझिबा शिवरामन यांच्या मार्गदर्शनाखालीं पेनिसिलीन कापणाऱ्या विकरांचा दीर्घकाल अभ्यास झाला. त्यांनीं व डॉ. अर्चना पुंडले यांनीं ‘बॅसिलस स्फेरिकस’ ह्या जंतूंतील पेनिसिलीन व्ही कापणारें विकर शुद्ध करून त्याचे गुणधर्म १९९७ सालीं प्रसिद्ध केले. १९९९ सालीं डॉ. सी. जी. सुरेश व हे पुणेकर संशोधक, यॉर्कच्या गाय डॉडसन यांच्या मंडळीसमवेत, त्याची आकृति जगापुढें मांडूं शकले. ह्या विकराचे चार सारखे भाग एकत्र नांदतात. पातें येथेंही माळेच्या पहिल्याच जागीं. मात्र तें सेरीनचें नसून सिस्टीन ह्या गंधकयुक्त अमिनो आम्लाचें. येथेंही तें पातें जन्मतः झांकलेलें असतें. पुढचा अगदीं लहानसा तुकडा गळून पडला म्हणजेच तें उघडें होतें.

ह्या दोन विकरांच्या माळा शेजारीं ठेवून मणी मोजले तर त्यांचें नातें ओळखूं येत नाहीं. परंतु घडी पाहिली तर ती एकाच घराण्याची. दोन श्लोकांतील शब्द सर्वस्वीं निराळे असावे आणि दोन्हींचें वृत्त मात्र एक असावें, तसाच हा प्रकार. जाणता कान अक्षरें न पाहतां वृत्त ओळखतो. ह्या घराण्याची कुळकथा अशी कीं, पातें माळेच्या आरंभीं, आणि तें उघडें होण्यासाठीं आधीं एक बंध स्वतःच तोडावयाचा. यॉर्कच्याच शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं हें घराणें ओळखून दाखविलें होतें. पुणेकरांनीं त्यांत नवें दालन उघडलें. २००६ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘बायफिडोबॅक्टेरियम लाँगम’ ह्या आपल्या आंतड्यांतील जंतूचें, पित्तांतील क्षार फोडणारें विकर तपासलें, आणि तें पेनिसिलीन व्ही कापणाऱ्या विकराचें सख्खें नातलग निघालें. म्हणजे पेनिसिलीन कापणें हाच ह्या घराण्याचा मूळ धंदा होता असें म्हणण्याचें कारण नाहीं. एकाच घडीची सुरी कोणी पित्ताकडे वळविली, कोणी आणखी कशाकडे.

ह्यावर चौकस वाचक विचारील, “म्यान एकदां कापून टाकलें, तें पुन्हां चढवितां येत नाहीं, मग हें आवरणें कसलें?” शंका रास्त आहे. नाळ एकदांच कापली जाते. पण आमच्या आटगांवच्या भातखाचरांत बांधाला जें तोंड ठेवतात, तें श्रावणांत दिवसांतून चार वेळां उघडतां-बुजतां येतें. निसर्गांत दोन्ही रीति आहेत. दुसऱ्या रीतीचें प्रसिद्ध उदाहरणही ई. कोलायमध्येंच सांपडतें. पेशींतील न्यूक्लीय आम्लांचे घटक घडविण्याच्या कामांत एक विकर आरंभींच्या पायरीवर बसलेलें असतें. त्याच्या बारा माळा : सहा काम करणाऱ्या, सहा आवर घालणाऱ्या. शेवटचा माल पुरेसा सांठला कीं तोच येऊन आवर घालणाऱ्या माळांस चिकटतो, साऱ्या विकराची ठेवण किंचित बदलते आणि काम मंदावतें. माल कमी झाला कीं तो सुटतो व काम पुन्हां वेग घेतें. १९६५ सालीं गेरहार्ट व शाकमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं ह्या दोन जातींच्या माळा एकमेकींपासून वेगळ्या करून दाखविल्या. काम करणाऱ्या माळा एकट्याही काम करीत राहिल्या. पण त्यांस थांबविणारें कोणी उरलें नाहीं. शक्ति राहिली, संयम गेला!

ह्या दोन उदाहरणांचें तात्पर्य एकच. आपण सामान्यतः समजतों कीं, काम करणारा एक आणि त्याजवर नजर ठेवणारा दुसरा. जंतूच्या शरीरांत पुष्कळदां तसें नसतें. कर्ता आणि आवर एकाच आकृतींत गोंवलेले असतात. कोठें तो आवर एकदांच सुटणाऱ्या गांठीच्या रूपानें, कोठें क्षणोक्षणीं वळणाऱ्या सांध्याच्या रूपानें. म्हणूनच विकराची आकृति काढल्यावांचून त्याचें नियमन पुरतें कळत नाहीं, आणि नियमन ध्यानांत घेतल्यावांचून आकृतींतला एखादा तुकडा निरर्थक वाटतो.

ह्या ज्ञानाचा प्रपंचाशीं काय संबंध, असें कोणी कर्तीं माणसें विचारतील. संबंध जवळचा आहे. ज्या पिंपरीस १९५५ सालीं पेनिसिलीन होऊं लागलें, त्याच देशास पुढें सिक्स-एपीए मोठ्या प्रमाणावर चीनमधून आणावें लागलें. सुरीचें शास्त्र हातीं असणें आणि सुरी कारखान्यांत स्वस्तांत चालविणें, ह्यांत अंतर आहे. तें अंतर तोडावयाचें तर कोणत्या उष्णतेंत माळ नीट दुमडते, कोणत्या साखरेनें काम अडतें, म्यान पूर्ण निघालें कीं नाहीं, ह्याच बारकाव्यांवर भिस्त ठेवावी लागते.

दुसरा संबंध ह्याहून निकटचा. पेनिसिलीनला कापणारी आणखी एक सुरी जंतूंपाशीं असते. ती १९४० सालीं अब्राहम व चेन यांनीं दाखविली. ही शेपूट कापीत नाहीं. ती गाभ्यांतील तें ताणलेलें कडेंच फोडते, आणि औषध निकामी होतें. पहिल्या सुरीनें औषध घडतें, दुसरीनें बिघडतें. आणि ही दुसरीही आवरांत असते. पू उत्पन्न करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूच्या अंगावर एक प्रथिन चौकीदारासारखें उभें असतें. त्याचें बाहेरचें टोंक पेनिसिलीनला चिकटलें कीं त्याचें आंतलें टोंक जागें होतें. मग विकर घडविण्यास मनाई करणारा आंतला अटकाव कापला जातो आणि सुऱ्यांची रास तयार होऊं लागते. ज्या जंतूंपाशीं ही सोय आहे ते औषधांतून तगतात, बाकीचे मरतात, आणि तगलेल्यांचीच प्रजा वाढते.

म्हणून एकत्र कुटुंबांत जी एक संवय सर्रास दिसते ती सोडून द्यावी. थोरल्या काकांसाठीं आणलेल्या गोळ्यांपैकीं चार उरल्या, त्या कपाटांत ठेवल्या, आणि महिन्याभरानें पुतण्यास शिंका येऊं लागतांच त्यांतल्या दोन त्यास दिल्या, असें घरोघर चालतें. सर्दी ही विषाणूंपासून होते. पेनिसिलीन जंतूच्या भिंतीवर घाव घालतें. विषाणूस ती भिंतच नसते. तेव्हां सर्दीवर त्या गोळीचा कांहीं उपयोग नाहीं. मात्र पुतण्याच्या अंगांत जे निरुपद्रवी जंतु सुखानें नांदत असतात, त्यांत दुसऱ्या सुरीचे धनी निवडून वाढविण्याचें काम ती चोख करते. औषध डॉक्टरांनीं सांगितल्याशिवाय घेऊं नये; घेतलें तर सांगितलें तितकें व तितके दिवस घ्यावें; उरलेलें दुसऱ्यास देऊं नये.

जो जंतु डोळ्यांस दिसत नाहीं, ज्यास मेंदु नाहीं, तोही आपली धार म्यानाखेरीज बाळगीत नाहीं आणि योग्य जागीं पोंचल्यावांचून ती उघडी करीत नाहीं. आपल्या कपाटांतलें औषध हीही एक धारच आहे. तिला म्यान घालणें मात्र निसर्गानें आपल्या विवेकावर सोंपविलें आहे.